शेवट बाला ठाऊक होता

तुम्ही समजता मी शाळा सोडली? अरे, आमच्या बानं सोडवली. म्हणे, इंग्रजी काउबॉयचे सिनेमे बघून पोरगा वाया गेला!

परवा उरणच्या बंदरावर मी नि पांडू भांडत होतो. त्याला काउबॉयचा नवा रंगीत सिनेमा भारी वाटतो, मला त्याच गोष्टीचा जुना काळा-पांढरा.

"तुझ्या जुन्यात हीरो शेवटी मरतो," पांडू म्हणाला.

शेजारी जाळं सांधत बसलेला बा मान वर न करता बोलला, "मरत न्हाय रं. घोड्यावर बसून एकटाच निघून जातो. मुंबईला मासळी विकून भरतीची वाट बघताना दोनदा बघितलाय मी."

मी त्याच्याकडं वळलो. "मग माझी शाळा कशापायी सोडवलीस?"

"होडीवर एक माणूस कमी होता," म्हातारा म्हणाला.