लोंबणारं बटण

मनाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आजीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. कान मात्र टक्क जागे होते. शेजारी एक शिंपी आणि त्याची ताई बसली होती.

“ताई, चल घरी. तीन आठवडे गोळ्या गिळतोय, काडीचा फरक नाही.”

“परवा आपणहून आंघोळ केलीस, तो फरक नाही?”

“मशीनकडे अजून बघवत नाही. आळशी झालोय, दुसरं काय!”

“माझं थायरॉइड रुसलं तेव्हा मी दिवसभर लोळायचे. मला आळशी म्हणालास?”

“ते हार्मोन होतं. तपासणीत सापडलं.”

“मेंदूतही तसलीच रसायनं निरोप पोचवतात, डॉक्टर म्हणाले ना? त्यांचा मेळ बिघडला तरी माणूस खचतो. तेवढंच कारण नसतं म्हणे, पण आळस तर नव्हेच.”

“मग बरं कधी वाटणार?”

“हळूहळू. गोळ्या, झोप, बोलणं, सगळं मिळून.”

“मला नाही जमायचं. निघतो मी.”

शिंपी उठला. आजीबाईंनी डोळे न उघडता स्वेटरच्या बटणाला एक हिसका दिला.

“आजी, बटण लोंबतंय तुमचं.”

“अगं बाई! राजाच्या कोटावरचं बटण हो ते. म्हणून त्याला एवढा तोरा.”

“दोरा तर पक्का दिसतोय. तुटला कसा? ताई, सुई आहे?”

“आहे. तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरतेय.”

“आजी, हलू नका हं.”

“नंबर सात!”

“ताई, आपलाच नंबर. डॉक्टरांना म्हणावं दोन मिनिटं थांबा. एवढं लावतो आणि येतोच आत.”