दारावर डकवलेला स्वभाव

हॅलो?… हो, नेलिदाच बोलतेय. कोण, तेंचा? क्लबच्या ऑफिसातून करतेयस? थांब, रस्त्यात आहे मी, मागून बस हॉर्न वाजवतेय… हं. बोल आता.

काय म्हणाले?… परत सांग… आज संध्याकाळच्या फायनलला मारिसिएलोला पहिल्या सहांत घ्यायचं नाही? अध्यक्षांचा हुकूम? आणि तो मला स्वतः सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती?

नाही गं, तुझ्यावर कशाला चिडू. तू निरोप आणलास फक्त. पण ऐक ना… अगं, ऐक. संघाची प्रशिक्षक मी की बाल्तासारसाहेब? जन्मात कधी व्हॉलीबॉलला हात लावलाय त्या माणसानं?

हो, वाचलाय मी तो स्वभावचाचणीचा कागद. सगळ्या कायाओ गावानं वाचलाय. पोरींच्या कपडे बदलायच्या खोलीवर, दारालाच डकवला होता ना साहेबांनी. एकेकीच्या नावापुढं तिचा स्वभाव, बंदरावर मासळीचे भाव लिहितात तसा. यादिरा, बहिर्मुख, धीट. मारिसिएलो, अंतर्मुख, चिंता फार, दडपण पेलणार नाही. पोरगी उभ्या उभ्या पांढरी पडली, तेंचा. पिशवी उचलली आणि गेली. तेव्हापासून सरावाला नाही, फोन उचलत नाही. आई सांगते, खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली असते. समजवायला गेलं की म्हणते, लिहिलंय ना तिथं, मी अशीच आहे.

सतरा वर्षांची पोर. आता सांग, डोकं फिरणार नाही?…

हो, मान्य. घुमी आहे. माझ्याकडं आली तेव्हा कितीतरी महिने नुसती मान हलवायची. पण इकामधली मॅच आठव. होतीस ना तू?… हां. शेवटचा सेट, बरोबरी, वरून लोक संत्र्याची सालं फेकताहेत. यादिराचे स्मॅश एकामागून एक बाहेर. ती कागदावरची धीट यादिरा रडकुंडीला येऊन म्हणाली, बाई, मला बाहेर घ्या. आणि ही घुमी तिच्यापाशी गेली. काय म्हणाली ठाऊक आहे? 'पुढचा चेंडू तुलाच देणार. चुकलीस तर त्याच्या पुढचाही.' आणि दिला. तिथंच जिंकलो आपण.

तेच तर म्हणतेय मी. घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरात दडणारी पोर नेटजवळ वेगळीच असते. साहेब म्हणतात, जिंकणारे जन्मालाच तसे येतात, आणि ते प्रश्नावलीत बरोबर उतरतं. 'नेलिदाबाई, हे शास्त्र आहे.' मला ऐकवतात. स्वभाव म्हणजे काय जन्मखूण आहे, कुठंही उभं केलं तरी तेवढीच नि तशीच दिसायला?

आणि तो मानसतज्ज्ञ, सालदिवार. गोड बोलून पोरींकडून उत्तरं काढून घेतली, म्हणे तुमच्याच मदतीसाठी. भेटू दे एकदा, अशी खरडपट्टी काढते की… काय?

थांब, थांब. त्यानं राजीनामा दिला?… आज सकाळी, तुझ्यासमोर?… म्हणजे ह्या उत्तरांवरून खेळाडू निवडू नका, कुणाला दाखवूही नका, हे त्यानं आधीच बजावलं होतं? आणि साहेबांनी त्याच्या टेबलावरून परस्पर… अस्सं. तरी तेंचा, पोरींच्या मनातलं उघड्यावर ठेवायचं असतं का?… हो का. ती चूक माझीच, असं स्वतःच म्हणाला? बरं. मग तेवढं तरी माणूसपण आहे म्हणायचं.

मी? मारिसिएलोच्या घरी निघालेय. आलंच… अगं, दाराशी सायकल कुणाची? सालदिवारचीच की ही. जरा गप्प राहा. खिडकी उघडी आहे.

…

विचारतोय तिला, उत्तरं लिहिलीस त्या दिवशी घरी काय चाललं होतं… आजोबांना इस्पितळात नेलं होतं म्हणे. बघ. आपल्याला कुणाला पत्ता नाही. मीसुद्धा विचारलं नाही गं.

…'मग तो कागद त्या दिवसाचा आहे, मारिसिएलो. तुझा नाही.' असं म्हणाला. आणि शांत असणं म्हणजे भित्रं असणं नव्हे, माणूस कसा वागेल ते तो कुठं नि कुणासोबत उभा आहे त्यावरही असतं, असं काहीतरी…



नाही, मी आत जात नाही. राहू दे त्यांना… साहेबांना सांग, संघ मी निवडते. मला काढायचं तर मॅच संपल्यावर काढा… हो, ह्याच शब्दांत. जाईल तर जाईल नोकरी. आणि ती आली नाही, तरी तिची जागा तिचीच, हेही सांग.

थांब, दार वाजलं… तीच आहे… गुडघ्यांना पट्टे चढवूनच आलीय. माझ्या खांद्यावरची चेंडूंची जाळी काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली, आणि निघालीसुद्धा पुढं… अगं, मलाच मागं टाकून चाललीय. ठेवते.