बेगायिमचा पाय घसरला नाही

नाव : तोलोगोन सिदिकोव. वय : ५९ वर्षे. धंदा : पूर्वी कुस्तीचा वस्ताद, सध्या शाळेत पहारेकरी. राहणार : सूतगिरणीमागची वसाहत, तिसरा मजला, बिश्केक.

शेजारी एसेन याच्या अर्जावरून मला ठाण्यात बोलावलं. लेफ्टनंट चोलपोन बेकोवा यांच्या समक्ष बसून, कोणी न पढवता सांगतो की,

बेगायिम, वय २६, ही माझी एकुलती मुलगी. तिची आई रशियात कझानला बेकरीत कामाला आहे, घरी आम्ही दोघंच. मुलगी नाचते. लग्नातला नाच नव्हे. दोघांनी अंगाला अंग लावून एकमेकांवर भार टाकायचा, पुढं काय करायचं ते आधी ठरवायचं नाही, असला नाच. मला तो कधी पटला नाही आणि तसं मी तोंडावर बोललो आहे. त्यावरून दोन वर्षं आमच्यात धड बोलणं नव्हतं. चहा ठेवलाय, दार लावा, एवढंच.

या वसंतात तिचा जोडीदार मजुरीला मॉस्कोला गेला. सरावाला कोणी मिळेना. जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच या. एवढा दणकट माणूस मला दुसरा कुठं मिळणार?"

मी म्हणालो, "माझं हसं करायचं ठरवलंयस का?"

पण गेलो. पोरगी आपणहून बोलली याचाच मला आनंद झाला होता, हेही लिहा.

गिरणीच्या जुन्या भोजनगृहात सराव चाले. एसेन जिन्यात अडवून विचारी, "काय वस्ताद, आज किती गिरक्या?" मी त्याला हिंग लावूनही विचारत नसे.

पहिल्या दिवशी तिनं मला पाठीला पाठ लावून बसवलं. "धरायचं नाही, बाबा. भार आला की अंगावर घ्या आणि जमिनीकडे जाऊ द्या." मी जन्मभर पोरांना याच्या उलट शिकवलं. आमची कुस्ती कमरपट्ट्याची, समोरच्याचा पट्टा धरून खेळायची. समोरच्याचा भार अंगावर आला की तिथंच ढाक मारायची, म्हणजे कमरेवरून उचलून आपटायचं. विचार करत थांबला तो चीत झाला. मी ताठ उभा राहिलो की ती हसायची. "तुम्ही भिंत झालात. भिंतीवर कोणी रेलेल, पण नाचेल कसं?"

हळूहळू जमायला लागलं. एकदा ती माझ्या खांद्यावर आडवी पडून राहिली. लहानपणी झोपेत लागायची तशीच जड लागली. त्या दिवशी येताना आम्ही समोसे घेतले आणि वाटेतच खाल्ले.

तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी संध्याकाळी, भोजनगृहात आम्ही दोघंच होतो. तिनं मला डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले. ती बाजूनं आली, डोकं माझ्या बरगडीखाली घातलं आणि तिचा हात माझ्या कमरेवर आला. नेमका पट्ट्याच्या जागी. मी केलं नाही असं म्हणणार नाही. माझ्याच अंगानं केलं. डोळे उघडले तोवर ढाक बसून गेली होती.

मी शेकड्यांनी माणसं पाडली आहेत. पडणारा माणूस शेवटपर्यंत अंग आखडतो, हात टेकतो, मान वळवतो. हिनं काहीच केलं नाही. सगळा भार माझ्यावर टाकून मोकळी होती, तशीच खाली गेली.

ती ओरडली नाही. "बाबा, माझे पाय कुठं आहेत?" असं विचारलं. पाय जागेवरच होते, तसं मी सांगितलं. रुग्णवाहिका येईपर्यंत मी लांब उभा होतो, तिला हात लावला नाही. मणका मोडला आहे. हाड जुळेल म्हणतात. पायांबद्दल विचारलं की डॉक्टर "बघू" म्हणतात.

लेफ्टनंट बाईंनी विचारलं, "काका, पोरगी म्हणते पाय घसरला. मार खाल्लेल्या बायका मला रोज हेच सांगतात. एसेन म्हणतो, तिचा नाच तुमच्या डोळ्यांत खुपायचा, अबोला होता. खरं काय ते बोला."

खुपायचा. अबोलाही होता. आपटलं मीच. पण मारलं नाही. बाई म्हणाल्या, "मग फरक काय?" उभं राहून करून दाखवतो म्हणालो, तर त्यांनी शिपायाला आत बोलावलं.

पाय घसरला हे खोटं आहे. ती मला वाचवायला तसं बोलते. तिचं पाऊल बरोबर होतं, हे नीट लिहून घ्यावं. तिच्या आईलाही मी फोनवर खरं तेच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. आता उचलत नाही.

बाई म्हणतात, मुलीची तक्रार नाही, तेव्हा तूर्त घरी जा. उद्या तिला घरी सोडणार आहेत. बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, दर वेळी उचलावं लागेल. काल नर्सनं मला शिकवलं. पोरीचे हात माझ्या गळ्यात, माझा हात तिच्या पाठीखाली. मी धरताच तिनं अंग सैल सोडलं, तसूभरही राखून ठेवलं नाही. मी तिला परत खाली ठेवलं आणि नर्सला म्हणालो, "दुसरं कोणी नाही का?" ते बेगायिमनं ऐकलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

माझी विनंती अशी की, मला इथं ठेवून घ्यावं, नाहीतर तिला उचलायला माणूस द्यावा. तशी काही सोय ठाण्यात नाही, असं मला सांगण्यात आलं.

वरील मजकूर बाईंनी मोठ्यानं वाचला, मी बसून ऐकला. मी सांगितलं तसंच उतरलं आहे. यातलं एखादं वाक्य खोटं निघावं म्हणून दुसऱ्यांदा वाचायला लावलं. निघालं नाही. सही केली.