रस्ता खराब आहे, पाक तुकिरान

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ट्रॅव्हल कंपनीच्या मालकीणबाई सन्माननीय बू हाप्सारी, व्यासपीठ लहान असूनही त्यावर मावलेले आदरणीय सरपंचसाहेब, सत्कारमूर्ती पाक तुकिरान, त्यांच्या पत्नी बू सुमियाती, वोनोसोबो ते दिएंग मार्गावरचे समस्त चालक बंधू, आणि मागच्या रांगेत बसून पिवळ्या भाताच्या डोंगराकडे डोळे लावलेल्या रसिकहो,

मी सुतार्नो, गॅरेजातला, सगळ्यांचा 'मास', म्हणजे दादा. माझ्याआधीच्या वक्त्यांनी इतके गुण सांगितले की, हे आपलेच पाक तुकिरान ना, अशी मला शंका आली. पण एक गोष्ट कुणी विचारली नाही. निवृत्तीला अवकाश असताना हा माणूस गाडी का सोडतोय? मी विचारलं. म्हणाले, "रस्ता खराब झालाय, मास." आता तुम्हीच सांगा, दिएंगचा रस्ता चांगला होता कधी?

ते उत्तर खोटं आहे. खरं काय ते सांगायला मी उभा आहे, आणि त्यासाठी थोडं गाडीबद्दल ऐकावं लागेल. भाताची काळजी अध्यक्षा घेतील.

गेल्या महिन्यात यांच्या गाडीत इंजिनाचा दिवा लागायला लागला. स्कॅनर लावला तर म्हणे मिसफायर, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकतोय. मी प्लग बदलले, कॉइल बदलल्या. आवारात इंजिन गाईसारखं शांत. वर दिएंगच्या डोंगरावर जाऊन आलं की दिवा पुन्हा हजर. बू हाप्सारींनी विचारलं, "पाक तुकिरान, पेट्रोल कुठलं भरता? टपरीवरचं, बाटलीतलं?"

"पंपावरचंच, बू. रस्ता खराब आहे."

"रस्त्यानं ठोका चुकतो होय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण स्कॅनरवर खाली दुसरा कोड होता: ब्रेककडून उत्तर नाही. त्याचं असं आहे की, हिसका बसला की इंजिनाला कळत नाही, चूक आपली की खड्ड्याची. मग ते ब्रेकच्या कॉम्प्युटरला विचारतं, कारण चाकांची खबर त्याच्याकडे. तो म्हणाला 'खड्डा', की इंजिन निर्धास्त. त्यानं उत्तरच दिलं नाही, तर बिचारं इंजिन सगळे खड्डे स्वतःच्या माथी घेतं. म्हणून मी यांना विचारलं, "ब्रेकचा दिवा लागतो का हो?" म्हणाले, "मला तरी दिसला नाही."

मग यांच्याबरोबर वर जाणं आलं. मेकॅनिकला गाडी लागते, ही बातमी आज सभागृहाला अधिकृतपणे देतो. चार वळणांत मी पिशवीत तोंड घातलं. "सावकाश मास, पिशवीतच हं," इति सत्कारमूर्ती. तसा वाकलेला असताना मला डॅशबोर्डवर पिवळं बदक दिसलं. स्टिकर होतं. त्या बदकाच्या पोटातून उजेड येत होता. मी ते खरवडून काढलं, तर खाली ब्रेकचा दिवा लखलखीत.

"हे काय, पाक?"

"पुढच्या सीटवरचे घाबरतात हो. दिवा बघतात, उतरतात आणि दुसऱ्याच्या गाडीत बसतात."

"आणि ब्रेक?"

"लागतात की! आत्ता नाही का लावला?"

वर पोचल्यावर ब्रेकच्या युनिटचा जोड उघडला. पिना काळ्या ठिक्कर. प्रवासी जमेपर्यंत हे महाशय गाडी ज्वालामुखीच्या विवराच्या वाफेशेजारी लावतात. का? तर पाय शेकतात! वाफेतल्या गंधकानं पिनांचं तांबं खाल्लं, खड्ड्यात जोड सुटायचा आणि ब्रेक मुका व्हायचा. नव्या पिना घातल्या. दोन्ही दिवे विझले. म्हणजे 'रस्ता खराब आहे' हे यांचं म्हणणं अर्धं खरं निघालं. एवढं श्रेय मी त्यांना जाहीरपणे देतो.

उतरताना एका वळणावर यांनी गाडी बाजूला घेतली. दिएंगच्या त्या थंडीत कपाळावर घाम, आणि हात छातीवर दाबलेला. मी विचारलं, "काय होतंय?" म्हणाले, "काही नाही मास, रस्ता खराब आहे."

गाडी उभी होती. खाली नवं डांबर होतं.

पुढच्याच आठवड्यात यांचा अर्ज आला. बू सुमियाती, घरी तुम्हालाही हेच उत्तर मिळालं असेल. पाक, माझ्याकडे असं बघू नका. तुमच्या हातून प्रवाशांना काही होऊ नये म्हणून तुम्ही गाडी सोडलीत, हे मला कळलं, आणि त्या दिवशी गॅरेजात मला रडू आलं. प्रवाशांना उतरवलंत, छान केलंत. पण स्वतःला कुठं उतरवणार आहात? की तिथंही बदक चिकटवलंय?

उद्या सकाळी योग्याकार्तात हृदयाच्या डॉक्टरांकडे यांचं नाव नोंदवलं आहे. बू हाप्सारी गाडी देताहेत. चालवणार मी. स्वतः चालवताना मला गाडी लागत नाही, त्यामुळे कुणी हसू नये. पाक तुकिरान पुढच्या सीटवर बसतील. समोरचे सगळे दिवे उघडे आहेत. घाबरले तरी त्यांना उतरता येणार नाही, कारण दारापाशी बू सुमियाती असतील.

मला बोलू दिलंत, आपला सर्वांचा आभारी आहे. भाताचं टोक रिवाजाप्रमाणे सत्कारमूर्तींनाच द्यावं, तळलेलं तेंपे, ती सोयाबीनची तेलकट वडी, मात्र देऊ नये. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर रस्ता खराब होता असं समजा आणि मला माफ करा.