एकोणनव्वद दिवसांचा डिफेंडर

…नाही, मला एक सांगा, ज्या कुणी एकोणनव्वद हा आकडा शोधून काढला ना, त्यानं आयुष्यात एकदाही चिखलात उतरून रोवणी केलेली नाही, हे मी लिहून देतो. केली असती तर त्याला कळलं असतं की धानाच्या बांधीत लावलेलं रोप नव्वदाव्या दिवशी उपटायचं, एक दिवस कडेच्या धुऱ्यावर आडवं ठेवायचं, आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी पुन्हा त्याच चिखलात खोचायचं, असं केलं तर धान होत नाही, नुसती तणस होते, पेंढा. पण माणसाचं तसं करता येतं. माझं करतात. मी हॉकी खेळतो, एका कंपनीच्या संघात, चंद्रपूरला. कंपनीचं नाव विचारू नका. नाव घेतलं तर उरलंसुरलंही जाईल… तसं आता उरलंय काय म्हणा, पण सवय.

मी डिफेंडर. अडवणं माझं काम.

तर करार असतो एकोणनव्वद दिवसांचा. का? मीही विचारलं. मी बी.ए. आहे, राज्यशास्त्र, आमच्या घरी संविधानाची प्रत टीव्हीशेजारी असते, मी विचारणारच. कंपनीचे क्रीडा अधिकारी, त्यांना आम्ही साहेब म्हणतो, ते चष्मा पुसत म्हणाले, ‘‘हे बघ प्रणित, सलग नव्वद झाले की माणसाला वाटायला लागतं आपला काहीतरी हक्क आहे. ते वाटू नये म्हणून एक दिवस ब्रेक.’’ मी म्हटलं, ‘‘सर, हे बरोबर नाही.’’ ते म्हणाले, ‘‘बरोबर नाहीच. पण नियमात आहे.’’ माणूस भांडला तर आपण भांडू, पण समोरचा कबूलच करतो आणि पुन्हा चष्मा पुसतो…

सिंदेवाहीला घरी हे सांगितलं तेव्हा बाबा, म्हणजे हरिदासभाऊ, सुपानं धान वारवत होते. हात थांबला त्यांचा. ‘‘एकोननव्वद? आरे, हलक्यातला हलका धान बी एवढ्यात कापाले येत नाई गा. तुही नोकरी त्याच्याहून हलकी?’’ सिंदेवाहीत तांदळाचं संशोधन केंद्र आहे, आमच्याकडे प्रत्येक गोष्ट किती दिवसांची ते लोक धानावर मोजतात. बाबांचं म्हणणं, एवढ्या कमी दिवसांचं वाण निघालं असेल तर आधी त्या केंद्राला कळवायला पाहिजे.

पण गावात आधीच फ्लेक्स लागला होता ना! माझा चुलतभाऊ बिरजू, उत्साही माणूस, मूल गावी जाऊन फ्लेक्स छापून आणला, बसस्टँडसमोर. ‘तालुक्याचे भूषण प्रणितभाऊ यांची कंपनीत निवड.’ फ्लेक्सवाल्याकडे हॉकी स्टिकचं चित्र नव्हतं, म्हणून त्यानं माझ्या हातात क्रिकेटची बॅट दिली. मी म्हटलं, ‘‘बिरजू, हे काय?’’ तो म्हणाला, ‘‘लाकूडच आहे ना भाऊ.’’

आणि मग आला पहिला नव्वदावा दिवस. तुम्हाला सांगतो, ब्रेक म्हणजे नुसती सुट्टी नाही. ओळखपत्र जमा. जर्सी धुऊन जमा. स्टिक स्टोअरमध्ये जमा. हॉस्टेलची खोली रिकामी, गादीसकट, कारण गादी आपली आपण आणायची असते. तर मी गादी गुंडाळून एसटीच्या टपावर टाकून, चंद्रपूर, मूल, सिंदेवाही असा तालुक्याच्या भूषणासारखा उतरलो, बरोबर त्या फ्लेक्सखाली. समोर आमच्या शेजारच्या भागीरथाबाई.

‘‘काढलं का बापा तुले?’’

‘‘नाही बाई, एक दिवसाची सुट्टी आहे.’’

‘‘सुट्टीत कोनी गादी घेऊन येते का?’’

संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात झालं, प्रणितले काढलं. दुसऱ्या दिवशी गादी घेऊन परत निघालो तर झालं, प्रणितले पुन्हा घेतलं. बिरजूनं फ्लेक्सवरची धूळ पुसली. तीन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा गादी, पुन्हा भागीरथाबाई… मधे कुरखेड्याहून सोयरीक आली होती. मुलीच्या मामानं विचारलं, ‘‘नोकरी पक्की होय का?’’ आमची आई खोटं बोलत नाही, तिथंच घात होतो. म्हणाली, ‘‘पक्कीच हाय जी, फक्त तीन महिन्याले एक दिवस कच्ची ऱ्हाते.’’ मामानं चहा संपवला, आणि तो गेला तो गेलाच.

हे मी अडवू शकलो नाही. बाकी अडवणं माझं काम.

तुम्ही म्हणाल, मग संघटित व्हा, निवेदन द्या. दिलं नाही असं वाटतं तुम्हाला? मी स्वतः लिहिलं, चार पानं, समान संधीपासून सुरुवात केली. आम्ही करारावरचे आठजण. सही मागायला गेलो तर ज्याचा करार चालू आहे तो म्हणे, ‘‘आत्ता नको, संपू दे.’’ ज्याचा नवा झाला तो म्हणे, ‘‘आता झाला ना, कशाला.’’ सही करायचा धीर माणसाला फक्त नव्वदाव्या दिवशी येतो, आणि त्या दिवशी तो कंपनीचा कुणीच नसतो. त्या निवेदनावर आजही एकच सही आहे. माझी. बी.ए. सकट.

तरी मी टिकून होतो. कशासाठी? तर स्पर्धेसाठी. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, फायनलला जे अठरा जण यादीत, त्यांना वर्षाचा करार. पूर्ण वर्ष! तीनशे पासष्ट दिवस गादी एका जागी! मी मनात खोलीची जागासुद्धा ठरवून ठेवली होती, खिडकीशेजारची. आणि गर्व म्हणून नाही सांगत, पण मी चांगला डिफेंडर आहे. आम्ही खेळायला शिकलो धान कापल्यावरच्या बांधीत. खाली धसकटं, बॉल कुठं उडेल ते बॉललाही माहीत नसायचं. तिथं ज्यानं बॉल अडवला तो कुठंही अडवेल. चंद्रपूरच्या हिरव्या टर्फवर पहिल्या दिवशी बॉल सरळ आला तर मला वाटलं, यात काहीतरी डाव आहे.

आता सेमीफायनल कधी होती? विचारा ना. शनिवारी. आणि माझा एकोणनव्वदावा दिवस? शुक्रवारी.

साहेबांकडे गेलो. म्हटलं, ‘‘सर, एक दिवस मागंपुढं करा, नाहीतर ब्रेक रविवारी द्या.’’ चष्मा पुसला. ‘‘मग ते नव्वद होतील.’’ कोच प्रफुल सरांकडे गेलो. ते नागपूरचे, बोलायला गोड. ‘‘बेटा, टेन्शन नको घेऊ, कागदावर तू शनिवारी नाहीस, पण दिल में तू ही है.’’ दिलात अठरा जणांची यादी नसते ना, सर…

शनिवारी सकाळी सगळं जमा करून, गादी बगलेत, मैदानाच्या फाटकापाशी आलो तर वॉचमन पत्रूभाऊ आडवे. हे पत्रूभाऊ चामोर्शीकडचे, अकरा वर्षांपासून तेही एकोणनव्वदवरच आहेत. ‘‘आत नाई सोडता येत जी. पास नाई तुमच्यापाशी.’’ मी म्हटलं, ‘‘भाऊ, मी खेळाडू आहे.’’ ‘‘होय जी, काल होते.’’ मग त्यांनीच गोलाच्या मागची तारेची जाळी दाखवली. ‘‘इथून दिसते. उभे ऱ्हा.’’

तर मी माझ्याच संघाची सेमीफायनल तारेच्या बाहेरून, गादीवर एक पाय ठेवून बघत होतो. समोर नागपूरचा संघ. माझ्या जागी कुलदीप, कायमस्वरूपी नोकरीतला, सुजलेल्या गुडघ्याचा, भला माणूस. पाचव्या मिनिटाला त्यांचा फॉरवर्ड डावीकडून घुसला, कुलदीप बघतोय उजवीकडे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘कुलदीपभाऊ, डावा, डावा धर!’’ त्यानं धरला. प्रफुल सरांनी वळून बघितलं. मग काय, सरांनी मलाच खूण केली, बोलत रहा. मी बोलत राहिलो. साठ मिनिटं. मध्यंतरात बाजू बदलल्या, तशी गादीही तारेच्या कडेनं दुसऱ्या गोलामागं नेली. पाय नको टाकू, स्टिक टाक, मागं हट, आता जा… घसा बसला. आणि शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी कॉर्नर. आपण एक-शून्यनं पुढं. मारणाऱ्याचा खांदा मला मागून नाही, समोरून दिसत होता, मी तारेला चिकटून ओरडलो, ‘‘तुझ्या उजव्या खांबाला येणार!’’ कुलदीपनं न बघता उजवीकडे स्टिक घातली. टक्क. अडला.

तुम्हाला सांगतो, तो बॉल मी अडवला. तारेबाहेरून अडवला. अडवणं माझं काम. कुलदीपनं माझ्याकडे स्टिक वर करून दाखवली, पत्रूभाऊंनी मला मिठी मारली, माझ्या डोळ्यांत पाणी, मला वाटलं, आता कोण काढतं मला यादीतून?

सोमवारी नव्या करारासाठी गादी घेऊन आलो, तर यादी लागली होती.

मी वरून वाचली, खालून वाचली. अठरा नावं, त्यात मी नाही. खाली साहेबांच्या अक्षरात शेरा होता, तो मला पाठ झालाय, ‘प्रणित अनुपस्थित असतानाही बचाव उत्कृष्ट. सबब त्यांच्या कराराची आवश्यकता दिसून येत नाही.’

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, ‘‘सर, तो बचाव मी करत होतो.’’ ते म्हणाले, ‘‘त्या दिवशी तू कंपनीत होतास का?’’ मी म्हटलं, ‘‘नव्हतो.’’ ‘‘मग?’’ आणि चष्मा… कुलदीपही आत आला बिचारा, लंगडत, म्हणाला, ‘‘सर, खरंच यानंच सांगितलं सगळं.’’ साहेब म्हणाले, ‘‘म्हणजे बाहेरच्या माणसाकडून सूचना घेतल्या? हे लेखी देऊ नकोस, तुझंही अवघड होईल.’’ कुलदीपनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, जा म्हटलं. त्याला दोन पोरी आहेत.

बाहेर व्हरांड्यात प्रफुल सर भेटले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, इकडंतिकडं बघितलं, आणि हळूच म्हणाले, ‘‘बेटा, रविवारी फायनलला तारेपाशी येशील ना?’’

आता मला सांगा, काय म्हणायचं अशा माणसाला? नाही म्हणावं तर कुलदीपचा गुडघा डोळ्यांसमोर येतो, समोरचा संघ पंजाबचे दोन फॉरवर्ड घेऊन आलाय. हो म्हणावं तर पुन्हा शेरा, बचाव उत्कृष्ट, प्रणितची गरज नाही. म्हणजे मी जितकं चांगलं अडवीन तितका मी नकोसा… हे कुठल्या राज्यशास्त्रात शिकवतात? गादी उचलली आणि फाटकाशी आलो. ठरवलं होतं, आता या मैदानाकडं बघायचं नाही, एसटी पकडायची, भागीरथाबाईंना या वेळी खरं उत्तर द्यायचं.

फाटक उघडता उघडता पत्रूभाऊ म्हणाले, ‘‘रविवारी लवकर येजा जी. तारेपाशी खुर्ची ठेवून देतो. तिच्यावर तुमचं नाव टाकतो चुन्यानं, म्हंजे कोनी तुमाले तिथून काढनार नाई.’’