अठ्ठेचाळीस भोकं

भाची : ...वरची भोकं बारा आहेत. चार खोल्या, खोलीमागे तीन. धुराड्यात उघडणारी सगळी जागेवर आहेत. आता खालची. जमिनीलगत, खोलीमागे बारा, म्हणजे अठ्ठेचाळीस. त्यातली किती सापडली, सांगू?

मामा : सांग की.

भाची : शून्य.

मामा : सापडतील कशी? बुजवली मी काल. चुन्याने घोटून सपाट केली. हात फिरवून बघ, सांधा लागला तर मिशी उतरवीन.

भाची : मामा!

मामा : अगं, उंदराच्या बिळासारखी भोकं ती. लोक विचारतील, गवंडी कोण होता? चाळीस वर्षांत माझ्या भिंतीत कुणाला काडी घालायला जागा मिळालेली नाही.

भाची : नकाशात लाल शाईने दाखवली होती.

मामा : दाखवली होतीस. मला वाटलं, क्रेनच्या साखळ्या अडकवायला आहेत. खोल्या कारखान्यात करायच्या, उचलून इथे आणायच्या, एकीला एक जोडायच्या. मग उचलायला भोकं लागणारच. काम झालं की बुजवायची.

भाची : एका खोलीला बारा साखळ्या?

मामा : मला वाटलं, पोरगी भित्री आहे.

काकू : काय गं, भांडण आहे की मोजणी? बाहेर ऐकू येतंय.

भाची : काकू, तुम्ही तीन वाजता येणार होतात.

काकू : पत्र्याखाली बसवेना. तवा बरा. आणि वस्तीतर्फे तापमापकाचा आकडा मीच वाचायचा, सहीही माझीच. म्हटलं, लवकर जाऊन बघावं. किती झालंय?

भाची : साडेअकरा वाजलेत. बाहेर एकोणचाळीस. आत चौतीस पूर्णांक सहा.

काकू : आणि पाहिजे किती?

भाची : तीन वाजता बत्तीस किंवा कमी. एक दशांश जास्त निघाला, तर ही पद्धत रद्द. साठ कुटुंबांना पत्र्याच्याच नव्या शेड.

मामा : फरशीवर चार बादल्या पाणी मारू? लगेच उतरेल.

काकू : भाऊ, आम्हाला प्यायला पाणी नसतं. रोज फरशीला कोण पाजणार?

भाची : आणि तो आकडा पाण्याचा होईल, घराचा नाही. मामा, छिन्नी घे. चुना अजून ओला असेल.

मामा : घेतो. पण कशासाठी ते तरी सांग. अंगणाखाली दीड पुरुष खोल खापराचे नळ घातलेस. भिंती कारखान्यात माझ्याकडून मातीच्या करून घेतल्यास, हातभर जाड. छपरावर काळं धुराडं, आणि घरात चूल नाही. मी विचारलं नाही. भाची शिकलीय, म्हटलं, असेल काहीतरी.

भाची : वारुळात असंच असतं. वाळवी आतून पोकळ्या ठेवते, हवा खेळती राहते.

मामा : जन्मभर वाळवी मारली. आता तिच्याकडून घर बांधायला शिकू?

भाची : तू पहिलं भोक उघड.

मामा : हं... निघालं. एक.

भाची : आता दुसरं. काकू, पदराचा एक दोरा द्याल? त्या भोकासमोर धरा. श्वास रोखून धरा, नाहीतर तुमच्याच श्वासाने हलेल.

काकू : धरला.

मामा : दोन. तीन.

काकू : अगं... हा आत वळला. खोलीकडे. अगं, गार लागतंय बोटांना. माठाच्या तोंडाशी लागतं तसं.

भाची : त्या नळांतून, जमिनीखालून येतंय. तिथे उन्हाळा पोहोचत नाही.

काकू : पंखा कुठे बसवलाय?

भाची : नाही बसवला.

काकू : मला नको शिकवूस. खाली मोटर आहे.

मामा : ताई, या घराला अजून विजेची तारच जोडलेली नाही. मीटरची पेटी रिकामी आहे, बघून या.

काकू : ...बघितली. खरंच रिकामी. मग ओढतंय कोण?

भाची : ऊन. धुराडं तापतं, त्यातली हवा वर निघून जाते. तिच्या जागी खालून दुसरी येते.

काकू : ऊन? आम्ही भाजतो तेच?

भाची : तेच. जितकं तापेल तितकं जास्त ओढेल.

काकू : पुन्हा सांग.

भाची : जितकं ऊन वाढेल, तितकी गार हवा जास्त येईल.

काकू : ...दोरा अजून आडवाच आहे गं. खाली पडतच नाही.

भाची : मामा, थांबलास का? अकराच भोकं झाली.

मामा : माझे बाबा जोत्यावरच्या थरात दर दोन हातांवर एक वीट सोडायचे. मी मागून जाऊन भरायचो. वाटायचं, म्हाताऱ्याला आळस आलाय, हिशेबात वीट वाचवतोय.

भाची : कधी विचारलं नाहीस?

मामा : विचारलं. म्हणाले, "ती जागा घराची आहे, राहू दे." मला ते काही कारण वाटलं नाही.

भाची : किती घरांत भरलीस?

मामा : तू मोजत बसशील. मी नाही मोजणार. सरक, बारावं उघडू दे.

काकू : मला द्या ती दुसरी छिन्नी. चुना उकरायला शाळा लागत नाही.

मामा : ताई, हळू. कड फुटेल.

काकू : भाऊ, तुमची भिंत आहे. माझी खोली आहे.

(तीन वाजत आलेत. तीच खोली.)

मामा : सत्तेचाळीस उघडली. एक राहिलं. ते मी दोनदा घोटलं होतं, पहिला हात मनासारखा बसला नव्हता म्हणून.

भाची : आता हात लावू नकोस. दार बंद कर. काकू, तीन वाजले. आधी खिडकीतून बाहेरचा तापमापक वाचा, मग आतला. मी बघत नाही. मी वाचलेला आकडा मलाच खोटा वाटेल.

काकू : थांब, चष्मा पुसते. लिहून घे गं.

भाची : सांगा.

काकू : बाहेर एक्केचाळीस पूर्णांक दोन.

मामा : आणि आत?

काकू : आत... एकतीस पूर्णांक चार.