सुईच्या टोकाएवढं ऊन

शिंपी: थांब. मागचं दार लागलं का नीट?

मुलगी: लागलं. पहिलं लावलं, वीस मोजले. दुसरं लावलं, वीस मोजले. मग हे तिसरं. अकरा वर्षांत घर विसरले असेन बाबा, दारं नाही विसरले.

शिंपी: भर दुपारी आलीस. निशाचराच्या घरात या वेळेला कुणी जागं असतं का?

मुलगी: मी असते. कचेरी दहाला उघडते, ती माझ्यासाठी काही रात्री उघडणार नाही. जेवणाच्या सुट्टीत आलेय. आत्ता गल्लीत डावीकडच्या भिंतीलगत हातभर सावली असते, तिला चिकटून आले.

शिंपी: पालीसारखी.

मुलगी: पालीसारखी. लाज वाटत असेल तर तोंड फिरवा.

शिंपी: बस. तो डगला काढ आधी, उकडत असेल. कुणी शिवलाय हा? सात पदर आहेत ना?

मुलगी: पाच. नदीपलीकडच्या कारखान्यात मशीनवर शिवतात. काखेत काचतो. चालवून घेते.

शिंपी: हा काय टाका आहे? नुसता धावदोरा. असल्या कपड्यात तू उन्हात फिरतेस?

मुलगी: कारखान्याला शिव्या नंतर द्या. मोठ्या मापाचा निदान मिळतो तरी. लहान मापाचा ते शिवतच नाहीत. म्हणतात, निशाचरांची पोरं दिवसा कशाला बाहेर पडतील, खप नाही. म्हणून तुमच्याकडं आले.

शिंपी: कुणासाठी?

मुलगी: नात आहे तुम्हाला. ऐकलं असेल. सहा वर्षांची झाली. सोमवारपासून शाळा.

शिंपी: रात्रीच्या शाळेत घाल की.

मुलगी: ती बंद पडली. चार पोरं आणि एक मास्तर, तोही पेंगणारा. दिवसाच्या शाळेत नाव घातलंय. मागच्या बाकाजवळची खिडकी काळ्या रंगानं रंगवून दिली त्यांनी. एवढं केलं आणि मुख्याध्यापिका बाई माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू त्यांनी माझ्यासाठी सूर्यच विझवला. शाळेपर्यंतची वाट आमची आम्ही बघायची.

शिंपी: मी दिवसाचे डगले शिवायचं सोडलं.

मुलगी: माहीत आहे. माझ्या हातानंतर. लोक म्हणतात, म्हातारा हट्टी. उन्हातल्या माणसांशी संबंध नको म्हणून सोडलं.

शिंपी: कसा आहे हात?

मुलगी: दगडाला काय धाड भरलीय? ऊन लागलं तेवढा दगड झाला, कोपरापासून खाली. तो आता ना दुखत, ना खुपत. कचेरीत पंख्यानं कागद उडायला लागले की मला हाक मारतात. ठेवते त्यांवर. शेजारचा कारकून म्हणतो, वटवाघूळ कामाचं आहे.

शिंपी: आणि तू ऐकून घेतेस.

मुलगी: त्याच्या चहात दगडाचं बोट बुडवते. गार होतो चहा. पितो बिचारा तसाच.

शिंपी: लहानपणीही अशीच होतीस.

मुलगी: वेंधळीही होते. चूक माझीच होती ना. नोकरीच्या पहिल्या दिवसाची घाई, फाटकाच्या तारेला बाही अडकली असणार. पोरीलाही तेच सांगते. आई वेंधळी होती, तू होऊ नकोस. रोज सांगते.

शिंपी: असं सांगतेस तिला?

मुलगी: तुम्हीच म्हणाला होतात. आई खाटेपाशी रडत होती आणि तुम्ही दारातूनच म्हणालात, तारेला अडकली असेल, वेंधळी कुठली. आई मरेपर्यंत तेच धरून बसली. शेवटी शेवटी तर मला भेटायला आली की त्या फाटकालाच शिव्या द्यायची.

शिंपी: तार नव्हती.

मुलगी: म्हणजे?

शिंपी: डगला पुरा झाला की आम्ही काय करतो, तू पाहिलंयस. खोलीत मिट्ट काळोख करायचा, डगल्याच्या आत दिवा धरायचा आणि बाही न् बाही फिरवायची. ठिपका दिसला की तिथं रफू. तू निघालीस त्या दिवशी पहाटे मी तुझा डगला फिरवला. डाव्या कोपरावर ठिपका होता. सुईच्या टोकाएवढा.

मुलगी: आणि रफू करायचा राहून गेला.

शिंपी: राहून नाही गेला. मी राहू दिला.

(ती खुर्चीवरून उठत नाही. दगडाचा हात मांडीवर आहे, तो दुसऱ्या हातानं उचलून टेबलावर ठेवते, जरा दूर, जसा काही तो बापाचाच आहे.)

मुलगी: बोला. थांबलात कशाला?

शिंपी: वाटलं, चटका बसेल. चटका बसला की घटकाभरात घरी येशील, आईला म्हणशील, नको बाई ती दिवसाची नोकरी. चाळीस वर्षं दिव्याचा ठिपका पाहिलाय मी. ऊन कधी पाहिलं होतं? दिव्यात सुईएवढा तो उन्हात केवढा होतो, ते या तळघरात बसून मला कसं कळणार होतं? सगळ्या गावाला उन्हापासून वाचवणारा शिंपी म्हणवून घ्यायचो. ऊन कसलं असतं ते माझ्या पोरीच्या हातावर बघितलं.

मुलगी: मी थांब्यावर दोन तास उभी होते. पहिली बस भरलेली. दुसरीच्या कंडक्टरनं बुरखेवाल्या वटवाघळाला घेत नाही म्हणून दार लावलं. कोपर नुसतं पेटलं होतं. कळत होतं, परत जावं. पण परत आले तर तुम्ही म्हणाल, मी सांगितलं नव्हतं? ते ऐकायचं नव्हतं. म्हणून उभी राहिले.

शिंपी: तेच म्हणणार होतो. पहिल्या दाराआड स्टूल टाकून बसलो होतो, तू कधी येतेस नि कधी म्हणतो.

मुलगी: अकरा वर्षं. एक पत्र टाकता आलं असतं.

शिंपी: चार लिहिली. दर वेळी तारेपाशी येऊन पेन अडायचं.

मुलगी: आणि आज कशाला सांगितलंत? हलकं वाटावं म्हणून?

शिंपी: हलकं कसलं वाटतंय. तू पोरीचा डगला माझ्या हाती देणार. न सांगता कापडाला कात्री लावणं जमेना.

मुलगी: खरं तर मी आता हे टेबल उलथं करायला हवं. पण सुट्टीची बारा मिनिटं उरलीत. तुमच्यावर रागवायलाही माझ्याकडं धड वेळ नाही, बघा.

शिंपी: दुसरा कुणी शिंपी बघ. मी कापड फुकट देतो.

मुलगी: दुसरा आहे कोण? एका पदराची शिवण दुसऱ्याच्या शिवणीवर येऊ न देता सात पदर बसवणारं कुणी उरलंय का आपल्यात? सगळे म्हातारे अंधाराची शेखी मिरवत बसले आणि हातातली कामं मेली. असतं कुणी तर या दारात पाऊल टाकलं असतं मी?

शिंपी: मग शिवू?

मुलगी: शिवा. रविवारी दुपारी येईन. दिवा मी धरणार. तोवर तुम्ही त्या भिंतीकडं तोंड करून बसायचं.

शिंपी: बसेन. आणि माप?

मुलगी: चिठ्ठीत लिहून आणलंय.

शिंपी: तिला घेऊन आली असतीस तर अंगावरच घेतलं असतं. वाढतं अंग असतं पोरांचं, खांद्याला जरा...

मुलगी: नाही. तिला इथं आणणार नाही.

शिंपी: बरं. खांद्याला दोन बोटं जास्त ठेवतो मग. एक सांगू? तिलाही तपासायला शिकव. रोज, घालायच्या आधी. कुणी का शिवलेला असेना.

मुलगी: सहा वर्षांची आहे ती. आईनं हातात दिला की घालेल. मी बावीसची होते, बाबा. मीही तसाच घातला.